पट्ट्यांवर पाय ठेवल्यावर

आधी तळहात गार पडला. ब्रेकचा आवाज त्यानंतर आला, आणि त्याच्याही नंतर मला कळलं की खारूचा हात माझ्या हातात नाही. तिनं तो ओढून घेतला असता तर मला समजलं असतं. तिनं तो नुसता काढून घेतला, खिशातून काढावा तसा. शाळेसमोरच्या चौकात आम्ही दोघी रोज उभ्या राहतो तिथंच उभ्या होतो, दिव्याच्या खांबाच्या अलीकडे, आणि मी मनात संध्याकाळच्या भाषणातलं एक वाक्य घोळवत होते. खारू पहिल्या पांढऱ्या पट्टीवर उतरली, मग दुसऱ्या, आणि चालत निघाली. पळाली नाही. मुलं पळतात, चेंडूमागे, कुत्र्यामागे, त्याची भीती मी ती पोटात असल्यापासून बाळगून आहे, ती भीती मला पाठ आहे. ही चालत होती. मान वर, दप्तराची चेन अर्धी उघडी, ना डावीकडे बघणं ना उजवीकडे, बक्षीस घ्यायला नाव पुकारल्यावर जावं तशी. सामानाच्या एका पांढऱ्या गाडीचं नाक खाली वाकलं आणि गाडी थांबली. तिच्या आणि खारूच्या मध्ये एखादी खुर्ची मावली असती. तेवढ्यात ही खुर्ची कशी सुचली कोण जाणे. खारू पलीकडे पोचली, वळली, आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. कशाची तरी वाट बघत.

गाडीवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "ताई, पोरीला धरा की," एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि मोकळी झाले असते. पण तो हळू बोलला, आणि स्टिअरिंगवरची त्याची बोटं अजून आवळलेलीच होती. मी रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. आठवतं ते खारूचं मनगट माझ्या मुठीत. हात नाही, मनगट. माझी आई मला असंच धरायची, मी कॉलेजात गेले तरी. रस्त्याची कड आली की तिची बोटं आपोआप माझं मनगट शोधायची, आणि ती बोटं नेहमी ओली असायची. मला त्या ओलेपणाची किळस यायची. मग मला मूल झालं, आणि एक दिवस दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना लक्षात आलं की माझा हात आईसारखाच ओला आहे. खारूचा मात्र कोरडा असतो, उबदार आणि कोरडा, नुकत्याच इस्त्री केलेल्या रुमालासारखा. त्याचा मला मनातल्या मनात अभिमान होता. निदान एवढं तरी तिच्याकडे गेलं नाही, असा.

"असं का केलंस?" मी विचारलं.

"पट्ट्यांवर होते ना मी," ती म्हणाली.

"मग?"

"मग सगळे थांबतात." आणि थोडं थांबून, जरा रुसून, "तू टाळ्या नाही वाजवल्यास."

शाळेची घंटा झाली. ती आत गेली. मी फाटकाच्या गजाला धरून उभी राहिले. कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, लेकीला सोडून जाववत नाहीये. मला गज सोडून रस्त्याकडे तोंड करायचं नव्हतं, एवढंच होतं ते.

आमचं वादविवादाचं मंडळ खारूच्या वयाचं आहे. ती पोटात असताना मी खूप चालायचे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायचे आणि चालताना चिडायचे. पाच पावलांवर फुटपाथ संपायचा, मग एक खड्डा, मग कोणाचा तरी जिना, मग पुन्हा फुटपाथ, जणू मधल्या तुकड्यात माणसानं उडत जावं. घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगायचे. तो जमिनीची मोजणी करतो, त्याला प्रत्येक गोष्ट किती रुंद आहे ते ठाऊक असतं, पण ती तशी का आहे हा प्रश्न तो सहसा विचारत नाही. एकदा कंटाळून म्हणाला, "मला एकट्याला किती सांगशील? चार माणसं बोलाव." चार माणसं बोलावली. शहराबद्दल भांडायचं, पण नियमानं भांडायचं, असं ठरलं. कोणाकडून काही घ्यायचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. वर्गणी नाही, देणगी नाही. सभासद व्हायचं तर घरून एक खुर्ची आणायची आणि ती मंडळात ठेवायची. म्हणून आमच्याकडे लाकडी, वेताच्या, घडीच्या, एका पायाला पुठ्ठा लावलेल्या, अशा सगळ्या जातीच्या खुर्च्या आहेत. मध्ये एका बिल्डरनं एकसारख्या, गादीच्या खुर्च्या देऊ केल्या होत्या, पाठीवर बारीक अक्षरात त्याचं नाव. त्यावर आम्ही आख्खी संध्याकाळ भांडलो आणि नको म्हणालो. भूगोलाचे निवृत्त सर, ज्यांना आम्ही नुसतं भूगोल म्हणतो, ते कंबर धरून उठताना म्हणाले होते, "तत्त्वासाठी मी पाठ दिली, हे लक्षात ठेवा."

जागा शिवणक्लासची. क्लासच्या बाई आमच्या सभासद आहेत. क्लास सुटला की मशिनं भिंतीला सरकतात, त्यांच्यावर कापड पडतं, आणि खोली आमची. दोन बाजूंना खुर्च्या, ठरावाच्या बाजूनं आणि विरुद्ध, आणि मध्ये रस्ता. खरोखर रस्ता, कारण नवऱ्यानं फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीनं झेब्रा क्रॉसिंग काढलं आहे. मी म्हटलं होतं, नुसत्या खुणेपुरत्या दोन रेघा मार. तो गुडघ्यावर बसून टेप लावून मोजत म्हणाला, "खोटं करायचं तर नीट करू." सरकारी मापात बसतील अशा पट्ट्या. वाद चालू असताना कोणाचं मत बदललं तर त्यानं आपली खुर्ची उचलायची आणि त्या पट्ट्यांवरून पलीकडे जायचं. पट्टीवर पाय पडला की जो बोलत असेल त्यानं गप्प व्हायचं, वाक्याच्या मध्यात असला तरी. माणूस पलीकडे टेकला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, विशेषतः ज्यांची बाजू तो सोडून आला त्यांनी. हा नियम माझा. मला त्याचा फार अभिमान होता. मत बदलणं ही नाचक्की वाटता कामा नये, असं मी कोणालाही सांगत असे. खारू रांगायला लागली ती त्या पट्ट्यांवर. पुढे तिला तिचं लाल स्टूल मिळालं, आणि दर बैठकीत निदान एकदा, कोणाचंच काही न ऐकता, ती ते स्टूल ओढत पलीकडे जायची. आम्ही मोठी माणसं गप्प व्हायचो. मग टाळ्या. ती वळून उभी राहायची आणि सगळीकडे बघायची.

त्या दिवशी मी घरी आले आणि कामाला बसले. मी एका छापखान्यासाठी मुद्रितं तपासते. समोर कुठल्याशा शेतीच्या पुस्तकाचं प्रकरण होतं आणि एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते. शेजारच्या घरात कोणीतरी जड काहीतरी सरकवलं, फरशीवर लोखंड घासलं, आणि माझ्या पोटात ती गाडी पुन्हा थांबली. मग कुकर, मग खालच्या दुकानाचं शटर. शहरात घासण्याचे इतके आवाज असतात हे मला तोवर माहीत नव्हतं, मी म्हणजे शहरावर बोलणारी बाई. वहीखालून भाषणाचा कागद डोकावत होता. संध्याकाळचा ठराव होता, चौकातले सिग्नल काढून टाकावेत. मी बाजूनं बोलणार होते. माझं म्हणणं असं, की दिवा आला की माणूस दिव्याकडे बघतो, माणसाकडे बघत नाही. दिवे काढा, सगळे सावध होतील, एकमेकांना बघतील. कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, माणूस पाय खाली ठेवतो आणि गाडी थांबते, इतकी साधी ही गोष्ट आहे. हेच ते वाक्य, जे मी सकाळी घोळवत होते. मी त्याच्यावर मुद्रितांची चळत ठेवली.

नवऱ्याचा फोन आला. "जेवलीस का?"

"हो," मी म्हटलं. जेवले नव्हते.

"आवाज असा का?"

"झोप आली होती जरा."

"बरं ऐक, संध्याकाळी येताना चिकटपट्टी आणतो. दोन पट्ट्यांची टोकं निघालीत, गेल्या वेळी भूगोल अडखळले."

मी काहीतरी म्हणाले असेन. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तळहात पदराला पुसत बसले. त्याला सांगायला काय हरकत होती? काहीच नाही. तो धावत आला असता, खारूला जवळ घेतलं असतं. पण त्याआधी एक क्षण त्यानं माझ्याकडे बघितलं असतं, आणि मला तो एक क्षण नको होता. धरायचं काम माझं होतं. आमच्या घरात असं कोणी ठरवलेलं नाही, ठराव मांडलेला नाही, पण तसं आहे. तो मोजतो, मी धरते.

शाळा सुटल्यावर मी खारूला घेतलं आणि घरापर्यंत तिला शिकवत आणलं. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी. बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या फाटकाशी. आमच्या इमारतीच्या आवारात, जिथं गाड्या नुसत्या उभ्या असतात. पहिल्यांदा तिला तो खेळ वाटला. "उजवीकडे कोणी नाही," ती गाण्यासारखं म्हणायची, "डावीकडे कोणी नाही, उजवीकडे परत कोणी नाही." मग मी म्हटलं, "नीट बघ. कोणी नाही असं वाटतं, पण असतं." तेव्हा गाणं थांबलं. जिन्यापाशी आल्यावर हळूच म्हणाली, "आई, ती उभी गाडी पण मला बघतेय." मी म्हटलं, "चांगलं आहे, लक्ष ठेव." असंच म्हटलं मी. शब्द तोंडातून निघाल्यावर मला माझ्या आईचा आवाज ऐकू आला, पण मी मागे वळले नाही, जिना चढत राहिले.

क्लास सुटायच्या वेळेलाच मी खारूला घेऊन खोलीवर पोचले. मुली मशिनं भिंतीला लावत होत्या, तेलाचा आणि नव्या कापडाचा वास होता. खारूला मी चिंध्यांच्या टोपलीपाशी बसवलं आणि फरशीवर बसून नखानं पहिल्या पट्टीचं टोक उचललं. पट्टी निघताना लांब, ओला आवाज होत होता.

"अहो, फरशी उसवताय की काय?" क्लासच्या बाईंनी विचारलं.

"पट्ट्या काढते आहे."

"नवीन लावायच्यात?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खारूकडे, आणि एक बोथट कात्री आणून माझ्याजवळ ठेवली. "नखं मोडाल," म्हणाल्या आणि पुढे काही विचारलं नाही.

थोड्या वेळानं जज्ज आली. ती खरी दातांची डॉक्टर. मंडळात वेळ मोजायचं आणि घंटी वाजवायचं काम तिच्याकडे आहे म्हणून जज्ज. कॉलेजपासूनची मैत्रीण. दारातच उभी राहून म्हणाली, "ठरावाशिवाय? अध्यक्षीणबाई, ही तर हुकूमशाही झाली."

मी मान वर केली नाही. पट्टी ओढता ओढता सगळं सांगितलं, हळू आवाजात, खारूला ऐकू जाऊ नये म्हणून. माणूस दातात मुरलेली कीड दाखवताना असं बोलतो, असं ती नंतर म्हणाली. ती माझ्याजवळ फरशीवर बसली. पर्स मांडीवर घेतली.

"गाडी थांबली ना पण," ती म्हणाली.

"थांबली म्हणून तर. आता तिला खात्रीच आहे."

"मग तिला फरक सांग. ह्या पट्ट्या खेळातल्या, त्या खऱ्या."

"दोन्ही एकाच मापाच्या आहेत. ह्यानं मोजून लावल्यात."

ती हसली. मग मीही हसले, आणि तिनं माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "नवऱ्याला सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

"तो म्हणेल, रुंदी बरोबर होती."

"म्हणू दे की. तू ह्या काढशील, चौकातल्या कोण काढणार? का तिला कधी चौकात नेणारच नाहीस?"

विरुद्ध बाजूच्या माणसानं नेमका मुद्दा धरला की एरवी मला ते आवडतं; आता मी पट्टी ओढत राहिले. तिनं पर्स बाजूला ठेवली आणि दुसऱ्या टोकानं पट्टी काढायला लागली. "पटलेलं नाही मला," म्हणाली, "पण एकटीनं कशाला."

सगळ्या निघाल्यावर दिसलं की काही उपयोग झाला नाही. इतक्या वर्षांत आजूबाजूची फरशी मळली होती आणि पट्ट्यांखालची तशीच राहिली होती. क्रॉसिंग जिथल्या तिथं होतं, आधीपेक्षा स्वच्छ.

माणसं यायला लागली. पट्ट्यांचं कोणी विचारलं नाही. आमच्याकडे पडलेली सवय अशी, की विषय मांडला जाईपर्यंत त्यावर बोलायचं नाही. येताना मात्र सगळी त्या फिकट जागेवरूनच पलीकडे जात होती. भूगोल सरांनी चपलेच्या टोकानं फरशी चाचपली आणि वेताच्या खुर्चीत बसले. नवरा आला. त्यानं फरशी पाहिली, मला पाहिलं, हातातलं चिकटपट्टीचं रीळ खिशात टाकलं, आणि माझ्या शेजारी, ठरावाच्या बाजूला, येऊन बसला. खारू त्याच्या पलीकडे, लाल स्टुलावर. "काय गं?" त्यानं विचारलं. जज्जनं घंटी वाजवली आणि मला उठावं लागलं.

मी कागद उघडला. सुरुवात बरी झाली. दिवा आणि माणूस, नजर आणि सावधपणा, हे सगळं मला तोंडपाठ होतं, आवाज आपोआप लागत होता. मग ते वाक्य आलं. माणूस पाय खाली ठेवतो आणि. तिथं मी थांबले. जज्जची नजर घड्याळावर होती. मी कागद खाली केला आणि म्हणाले, "आज सकाळी शाळेसमोर खारू एकटी क्रॉसिंगवर उतरली. तिला वाटलं, पट्ट्यांवर पाय ठेवला की सगळे थांबतात. ते तिला आपण शिकवलं, ह्या खोलीनं. गाडी थांबली. पण ती थांबणारच होती असं मला म्हणता येत नाही. म्हणून पट्ट्या काढल्या." एवढं सगळ्यांना सांगितलं, म्हणजे त्यालाही. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याचा हात तेवढा दिसला. तो खारूच्या पाठीवर गेला आणि तिथंच राहिला.

मग भूगोल सर, जे माझं एकही वाक्य फुकट जाऊ देत नाहीत, घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे बाई, मत बदललं का तुमचं?"

"बदललं असं नाही, सर. पण तिकडे बसून बघते."

मी माझी खुर्ची उचलली. घडीची आहे, माझ्या माहेरची, हलकी. इतकी वर्षं मी लोकांना मत बदलायला सांगत आले आणि स्वतः कधी ती जागा ओलांडली नव्हती, हे पहिलं पाऊल टाकताना माझ्या लक्षात आलं. सगळे गप्प होते. पलीकडे पोचून मी म्हणाले, "टाळ्या नकोत, कृपा करून," आणि बसले. आता नवरा समोर होता. तो माझ्याकडे बघत होता. सकाळपासून जो क्षण मी टाळला होता, तो हाच होता. पण त्यात मला वाटलं होतं ते नव्हतं. तो घाबरलेला होता. सबंध चेहरा घाबरलेला, आणि ओठ हलत होते, जणू तो मनात काहीतरी मोजत होता आणि आकडा लागत नव्हता.

खारू उठली. तिला माझ्याकडे यायचं होतं. तिनं स्टूल धरलं, पट्ट्यांच्या कडेपर्यंत आली, आणि थांबली. एक पाय फिकट फरशीवर, दुसरा मळक्या. उजवीकडे बघितलं. डावीकडे. परत उजवीकडे. नीट, बारकाईनं, जसं मी सांगितलं होतं तसं. दुसरा पाय उचलेना.

"आता ही उतरली असं धरायचं की नाही?" कोणीतरी कुजबुजलं.

"एकच पाय आहे," भूगोल म्हणाले. "एक पाय म्हणजे उतरणं नव्हे."

"पट्टीला लागला की उतरली, नियम तसा आहे."

"पट्टीच नाहीये."

"गप्प बसा हो," जज्ज म्हणाली.

पोर तशीच उभी. खांदे कानांपर्यंत आलेले. खोलीत कोणी हलत नव्हतं, मशिनं झाकलेली होती, आणि ती कोणालातरी येऊ देत होती, आम्हाला न दिसणाऱ्या कशाला तरी जाऊ देत होती. सकाळची ती मान मला आठवली, वर केलेली. एका दिवसात, एका दुपारीत. नवरा अर्धवट उठला, तिचा हात धरायला. मी त्याला मानेनं नको म्हटलं. तो तसाच, ना बसलेला ना उभा, अडकून राहिला. मलाही उठायचं होतं. माझी बोटं मांडीवर तिचं मनगट शोधत होती.

"येऊ?" तिनं मला विचारलं.

लगेच ये म्हणता आलं असतं. मी उजवीकडे बघितलं, झाकलेल्या मशिनांच्या रांगेकडे. डावीकडे, उघड्या दाराकडे, जिन्याकडे, खालून वर येणाऱ्या रहदारीच्या आवाजाकडे. परत उजवीकडे. कोणी हसलं नाही.

"ये," मी म्हणाले.

तिनं स्टूल ओढलं नाही, पोटाशी उचलून घेतलं. खाली बघत, एकेक फिकट जागा मोजून पाय ठेवत आली. वळून कोणाकडे बघितलं नाही, टाळ्यांची वाट बघितली नाही. माझ्या खुर्चीला चिकटवून स्टूल ठेवलं, बसली, आणि हात माझ्या हातात दिला. तो ओला होता.

"पुढचे वक्ते," जज्ज म्हणाली, आणि भूगोल सर कंबर धरून उठले. मी तिचा हात पुसला नाही, माझाही पुसला नाही. तसेच धरून आम्ही दोघी ऐकत बसलो.